न झिजलेला ब्रश

माझ्या बायकोनं मला आठ महिने फसवलं आणि आमच्या गल्लीतल्या पाच बायकांनी तिला साथ दिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला भेटायला येणारे लोक फार गुळमुळीत बोलतात. आजारच तसला होता, वेळ आली होती, कुणाच्या हातात काय असतं, वगैरे. मला ते चालत नाही. मी चाळीस वर्षं तंबाखूच्या दलालीत काढली आहेत. माल कुठं भिजला, कुणी भिजवला आणि कोण बघून गप्प बसलं, हे शोधल्याशिवाय मी कधी जागचा उठलेलो नाही.

मी निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीला जायची, वडील तिथंच हमाल. मी आठवीत शाळा सोडली, त्याच वखारीतून व्यापाऱ्यांकडं नमुन्याची पुडकी पोचवायला लागलो आणि पुढं स्वतःची दलाली उभी केली. हाताला धरून कुणी शिकवलं नाही. शेतकरी भाव चढवतो, व्यापारी भाव पाडतो, आणि मधे उभं राहून दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायला लावायचं, हा माझा धंदा. त्याला आवाज लागतो. माझा आवाज वखारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. घरातही तोच होता. घरासाठी वेगळा आवाज ठेवायचा असतो हे मला फार उशिरा कळलं.

बायको सदलग्याची. लग्नाआधी तीही तिच्या आईबरोबर वखारीत कामाला यायची आणि तिथंच, नऊ-दहा वर्षांची असताना, मिश्री लावायला शिकली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावत बसायचं, ती मिश्री. आमच्याकडच्या बायका तिला व्यसन म्हणत नाहीत, दात घासायची पूडच म्हणतात. भूक मरते, डोळ्यांवरची झोप उडते, आणि मुख्य म्हणजे दारात एकत्र बसायला निमित्त मिळतं. सकाळची भांडी झाली की आमच्या कट्ट्यावर सहा जणी बसायच्या. एकीच्या डबीतून सगळ्या घ्यायच्या. बोट तोंडात असताना नीट बोलता येत नाही, तरी त्या बोलायच्या आणि एकमेकींना ते कळायचं. पुरुष माणूस जवळून गेला की सगळ्या गप्प. मी रोज तिथूनच वखारीकडं जायचो.

ब्रशाचं प्रकरण माझ्या दातांपासून सुरू झालं. थंड पाणी प्यालं की कळ मस्तकात जायची, म्हणून मुलीनं मला बेळगावला तिच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई कानडी, पण मराठी स्वच्छ. त्यांनी माझ्या हिरड्या आरशात दाखवल्या. दातांच्या मुळाशी कुणी कानशीनं घासल्यासारख्या खाचा पडल्या होत्या.

"तुम्ही दात घासत नाही काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही दातांशी भांडता."

मुलगी हसली. बाईंनी चार्जिंगवर चालणारा ब्रश घ्यायला सांगितला. तो आपला आपण फिरतो, आपण फक्त दातावर टेकवायचा. जोर दिला तर त्याचा लाल दिवा लागतो.

बेळगावातल्याच कॅम्प भागात एका दुकानात तसला ब्रश मिळाला. दोनांचा डबा घेतला तर स्वस्त पडत होता. मी तीन वेळा दुकानाच्या पायऱ्या उतरलो आणि तीन वेळा त्यानं मला परत बोलावलं, आणि शेवटी दोन ब्रश, एक चार्जर आणि वर चार सुटी डोकी घेऊनच मी निघालो. डोकं म्हणजे पुढचा केसांचा भाग. तो काढून दुसरा बसवता येतो. माझ्या ब्रशाला निळं कडं, बायकोच्या ब्रशाला गुलाबी. केसांमधे निळ्या रंगाचे काही तंतू असतात. वापरून ते पांढरे पडले की डोकं बदलायचं, एवढी साधी खूण. आम्ही तंबाखूचं पान बोटात चोळून ओल ओळखतो तसंच, असं मी दुकानदाराला म्हणालो, आणि आता हा माल मला समजला असं मला वाटलं.

घरी आल्यावर मी कायदा केला. दुसऱ्या दिवसापासून मिश्री बंद. तिची डबी तिच्यादेखत गटारात रिकामी केली. डॉक्टरीणबाईंनी मिश्रीबद्दल जे सांगितलं होतं ते सगळं मी तिला सांगितलं, जरा चढवूनच सांगितलं, आणि ब्रश तिच्या हातात दिला. तो सुरू झाल्यावर तिनं एकदम हातातून टाकला. माश्यांचं मोहोळ हातात धरल्यासारखं वाटतंय म्हणाली. मग हसली. मीही हसलो. तेवढं एक वेळचं.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती मोरीतून बाहेर आली आणि गालाला पदर लावून दारात उभी राहिली.

"लई झोंबतंय वो ह्ये," ती म्हणाली. "हितं आत, गालाला कायतरी लागतंय."

मी वखारीला निघायच्या घाईत होतो. पण घाईवर ढकलत नाही. घाई नसती तरी मी तेच बोललो असतो.

"झोंबनारच. चाळीस वर्षांची घान निघतीया. एवढी घासाघीस करून आनलाय त्यो काय शोभेला? दोन मिन्टं म्हंजे दोन मिन्टं. मी हितं हुबा ऱ्हानार हाय."

त्यानंतर तिनं गालाचं नाव काढलं नाही. म्हणजे माझ्याजवळ काढलं नाही.

आणि मी खरंच उभा राहायला लागलो. तो ब्रश बरोबर दोन मिनिटं चालतो आणि मग थांबतो. दर अर्ध्या मिनिटानं त्याचा आवाज क्षणभर अडखळतो, म्हणजे आता तोंडाच्या दुसऱ्या बाजूला जा. मी चहाचा कप घेऊन मोरीच्या बंद दाराबाहेर उभा राहायचो आणि ऐकायचो. एक अडखळ, दुसरी, तिसरी, मग बंद. मग पाण्याचा आवाज. मग ती बाहेर यायची आणि मी मान हलवायचो. वखारीत माल तोलताना काट्याकडं बघावं तसं मी त्या आवाजाकडं लक्ष द्यायचो. माझी त्यात कधी चूक झाली नाही. दोन मिनिटं भरायचीच.

माझ्या स्वतःच्या ब्रशाचा दिवा मात्र रोज लाल. मी हलक्या हातानं सुरू करायचो, पण मधेच एखाद्या व्यापाऱ्याचं बोलणं आठवायचं आणि आरशात लाल उजेड दिसायचा. बायको मोरीच्या दारातून बघून म्हणायची, लागला तुमचा सिग्नल. असं महिनाभर चाललं. मग मला थोडं थोडं जमायला लागलं. दातांची कळ कमी झाली. मी येईल त्याला ब्रशाचं कौतुक सांगायला लागलो. वखारीत माझी टिंगल सुरू झाली. आण्णांनी दात घासायला सुद्धा गडी ठेवलाय, म्हणायचे.

एकदा आम्ही दोघं बेळगावला मुलीकडं बसनं निघालो होतो. संकेश्वरच्या अलीकडं वरच्या फळीवर ठेवलेल्या पिशवीत माझा ब्रश आपोआप सुरू झाला. बटण कशाला तरी दाबलं गेलं असणार. पिशवी गुरगुरायला लागली. पुढच्या बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिला, कंडक्टर आला, पिशवी कुणाची म्हणून कानडीत ओरडला. मला सगळ्या बसदेखत पिशवीतून टॉवेल, लेंगा, औषधांचा डबा काढून शेवटी तो ब्रश वर धरून दाखवावा लागला. बस हसली. बायको तर खिडकीकडं तोंड करून, पदर तोंडावर धरून, अंग हलेपर्यंत हसत होती. हसताना तोंड झाकायची तिची सवय नव्हती. तिला लाज वाटली असेल असं मी धरून चाललो. तिला तोंड उघडताना दुखत होतं, हे आता कळतं.

आता त्या न झिजलेल्या डोक्याकडं येतो.

माझं डोकं दीड-दोन महिन्यांत पांढरं पडायचं. सहा महिन्यांत माझी तीन गेली. तिचं एकच, आणि ते अजून निळंच्या निळं. चार्जिंग दोघांचं सारखंच उतरायचं, आवाज मी कानांनी ऐकत होतो, म्हणून शंका यायचं कारण नव्हतं. मला वाटलं, हिचा हात हलका. मी लोकांना सांगायचो, माझी बायको वस्तू कशी वापरते बघा. एका पाहुण्याला तर मी ती दोन्ही डोकी शेजारी शेजारी धरून दाखवली. ती स्वयंपाकघरातून बघत होती.

मग माझ्यातला दलाल जागा झाला. तिचं डोकं सहा महिने टिकतं आणि माझं दोन महिन्यांत जातं, म्हणजे मला दिलेला माल खराब, असा मी हिशेब केला. पावसाळा नुकता सुरू झाला होता. दुसऱ्या कामासाठी बेळगावला गेलो होतो, तेव्हा दोन्ही डोकी कागदात गुंडाळून कॅम्पातल्या त्या दुकानात गेलो. काउंटरवर ती शेजारी ठेवली आणि बदलून मागितली.

दुकानदारानं माझं डोकं बघितलं आणि बाजूला ठेवलं. तिचं उचलून उजेडात धरलं, केसांवरून अंगठा फिरवला, परत बघितलं.

"सर, बेजार करून घेऊ नका, रागावू नका," तो म्हणाला. "पण हे कुणी वापरलेलंच नाही. एक महिनासुद्धा नाही. घरात विचारा."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. माझी बायको खोटारडी म्हणतोस काय, इथून सुरुवात झाली. रस्त्यावरची माणसं थांबली. मी स्वतः रोज उभा राहून ऐकतो, असंही मी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं. शेवटी गिऱ्हाइकं परत जायला लागल्यावर त्यानं हात जोडले आणि एक नवं डोकं फुकट माझ्यासमोर ठेवलं. मी ते खिशात घातलं. निपाणीला येईपर्यंत मी खुशीत होतो. घरी आल्यावर बायकोला तो सगळा प्रसंग रंगवून सांगितला, दुकानदाराची नक्कल करून. ती भाकरी थापत होती. माझं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "मग तुमी काय म्हनला?" मी म्हणालो, गप केला त्येला. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या मालाचा कस जोखला. त्या दिवशी खरं सांगणारा एकच माणूस मला भेटला आणि त्याच्याशी भांडून मी जिंकून आलो.

त्यानंतरचे सात आठवडे मी पुन्हा पुन्हा आठवत बसतो. जेवणातलं तिखट कमी झालं. खर्डा बंद झाला. ती स्वतः भाकरी आमटीत कुस्करून, ती भिजून लगदा होईपर्यंत थांबून खायची. मी बेचव जेवणावरून ओरडलो. डॉक्टरनं तुम्हाला तिखट कमी करायला सांगितलंय ना, असं ती म्हणाली, आणि ते खरंही होतं, कारण माझं पित्त. ती माझ्याशी कधी सरळ खोटं बोलली नाही. फक्त खरं तेवढं बाजूला ठेवायची.

श्रावणात आम्ही आठ दिवस मुलीकडं गेलो. मुलगी बेळगावात शाळेवर शिकवते आणि वडगावात भाड्यानं राहते. तिच्या दोन्ही बाजूंच्या घरांत यंत्रमाग आहेत. सकाळी सुरू होतात ते रात्री जेवणं होईपर्यंत. तिथं माणसाशी बोलायचं तर जवळ जाऊन बोलावं लागतं. ब्रशाचा आवाज तर मोरीत कान लावला तरी ऐकू आला नसता. मी पहिल्या दिवशी दाराबाहेर उभा राहिलो, काही कळेना, म्हणून नाद सोडला आणि पेपर वाचत बसलो.

आणि म्हणूनच ते उघडं पडलं. ऐकणारा कुणी नाही म्हटल्यावर बायकोनं ब्रश सुरू करायचेही कष्ट घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलीनं दोन्ही ब्रश धुवायला घेतले. माझा ओला, तिचा कोरडा. केसांवर धूळ. मुलीनं आईला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दारानं गेली. बायको धुण्याच्या दगडाजवळ बसून बोटानं मिश्री लावत होती. थुंकली तेव्हा मुलीला लाल दिसलं.

मग मुलीनं तिला खुर्चीवर बसवून मोबाइलची बॅटरी लावली आणि तोंड उघडायला लावलं. दोन बोटंही आत जात नव्हती. मी पेपर घेऊन दारात उभा होतो. मुलीनं बघितलं, बॅटरी बंद केली आणि मला म्हणाली, "आप्पा, चपला घाला." एवढंच. मागांचा खडखडाट चालूच होता, तरी मला ते स्वच्छ ऐकू आलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आत डोकावलं आणि लगेच दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. त्या फोनवर कानडीत बोलत होत्या. मला कानडी समजतं हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मी सगळं ऐकलं. बायकोनंही ऐकलं. सदलग्याच्या माणसाला कानडी का येणार नाही? गालाच्या आतून तुकडा काढून तपासायला पाठवला, पण बाईंच्या बोलण्यावरून आम्हा दोघांनाही त्याच दिवशी कळलं होतं. रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसलेलो मला आठवत नाही.

ब्रशाचं तिनं काय केलं ते तिनं मुलीला सांगितलं, मुलीनं मला. ब्रश सुरू करून ती त्याचं डोकं डाव्या हाताच्या मुठीत गच्च धरायची. मुठीत धरल्यावर तो तोंडात असल्यासारखाच वाजतो. दोन मिनिटं होईपर्यंत ती उजव्या हाताच्या बोटानं मिश्री लावायची, आणि ते जमलं नाही तर नुसती उभी राहायची. पहिल्या चार दिवसांत ब्रश त्या जखमेला लागला होता, तेव्हाच ती मला सांगायला आली होती. जखम त्याच्याही आधीची. मिश्री लावली की ती जागा बधिर होते आणि दुखायचं थांबतं, म्हणून तिनं ती सोडली नाही. ज्यानं जखम झाली तेच ती औषध म्हणून लावत होती.

ऑपरेशन झालं. डावा गाल आणि जबड्याचा थोडा भाग काढला. डॉक्टर माझ्याशी चांगले वागले. "थोडं आधी आला असता तर," एवढं बोलून ते थांबले आणि हातातले कागद चाळायला लागले. पुढचं वाक्य मी मागितलं नाही. एरवी मी कुणालाही अर्ध्या वाक्यावर सोडत नाही.

तिला बोलता येत नव्हतं. सही येत होती, पण लिहिता येत नव्हतं, त्यामुळं पाटी-पेन्सिलीचा उपयोग नव्हता. हातांनी सांगायची. ब्रश लावायचाच नाही असं बजावलं होतं. मीठ-सोड्याच्या पाण्यात मऊ कापड बुडवून, ते बोटाला गुंडाळून, तोंड आतून पुसायचं. नर्सबाईंनी मला शिकवलं. मुलगी म्हणाली मी करते, पण मी ते काम सोडलं नाही. दिवसातून चार वेळा. माझ्या बोटाला जोर किती द्यायचा ते कळत नव्हतं. सांगायला दिवा नव्हता. तिच्या कपाळाकडं बघत बघत मी बोट फिरवायचो. आठी पडली की थांबायचो. आठी गेली की पुन्हा. काही दिवसांनी कपाळाकडं बघायची गरज राहिली नाही. बोटाला आपोआप कळायला लागलं. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिचं तोंड त्याआधी कधी आतून बघितलं नव्हतं.

एका दुपारी मी विचारलं. ती जागी होती. मी म्हणालो, मला का सांगितलं न्हाईस गं? सुरुवात हळू केली होती. पण विचारता विचारता मी कट्ट्यावरच्या बायकांवर गेलो, दुकानदारावर गेलो, आणि नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मला कळलं की माझा आवाज वखारीतला झालाय. बायकोनं हात उचलला. तळवा खाली करून दोनदा हलवला. हळू. सगळं आयुष्य माझ्या ओरडण्यावर ती तेवढंच करत आली होती. मग तिनं तो हात माझ्या मनगटावर ठेवला आणि डोळे मिटले.

मग मशीनचे शेकही दिले. त्यानं तोंडाची आणखी आग झाली, पाणीही नळीनं द्यावं लागलं. ती होळीच्या आधी गेली.

दहाव्या दिवशी जलदानविधी झाला. घर माणसांनी भरलं होतं. कट्ट्यावरच्या पाचही जणी आल्या होत्या, पांढऱ्या साड्या नेसून. त्या मुलीच्या गळ्यात पडून रडल्या. मी ते बघत होतो. विधी संपल्यावर त्या भांडी घासायला मागच्या अंगणात बसल्या आणि मी तिथं गेलो. त्या गप्प झाल्या, नेहमीसारख्या. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं की नाही? त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं, जिला सगळे आक्का म्हणतात, हातातली काथ्याची जुडी खाली ठेवली आणि सांगितलं, होतं. गाल आतून पांढरा पडलाय, मग फुटलाय, सगळं माहीत होतं. त्यांनी तुरटी दिली, विड्यातला कात दिला, हळद लावून बघितली. तिनं त्यांना शपथ घातली होती.

मी आरडाओरडा केला. काय बोललो ते मला धड आठवत नाही. घरातली माणसं मागच्या दारात गोळा झाली. मुलीनं माझा दंड धरला. आक्का बसल्या जागेवरून हलली नाही.

"तुमास्नी कोन सांगनार, आण्णा?" ती म्हणाली. "आनि इचारताच हाय तर मीबी इचारती. डबीत तमाखू कुनाच्या घरची व्हती?"

आणि तिनं ती जुडी उचलून पुढचं भांडं घासायला घेतलं.

तंबाखू माझी होती. प्रत्येक सौद्याचा मूठभर नमुना मी घरी आणायचो. दाखवून उरलेली पानं बायको भाजायची. गल्लीतली सगळ्यात चांगली मिश्री आमच्या घरची, असं त्या बायका म्हणायच्या आणि मला त्याचा अभिमान होता. डबी गटारात रिकामी केल्यानंतरसुद्धा मी नमुने आणतच होतो. कोनाड्यातली पुडी कमी होतेय हे मला दिसत होतं. उंदीर खात असतील असं मी कधीच म्हटलं नाही, कारण तंबाखू उंदीर खात नाहीत हे मला माहीत आहे. मी त्याचा विचारच केला नाही.

तेव्हा ते मी मान्य करतो. पहिल्यांदाच लिहून मान्य करतो. तंबाखू माझी. आवाज माझा. चौथ्या-पाचव्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली आणि मी तिला परत मोरीत पाठवली, ते माझं. दुकानदारानं खरं सांगितलं आणि मी त्याला गप्प केला, तेही माझं. मी त्याच्याकडं परत जाऊन आलो. त्यानं मला ओळखलं आणि चेहरा कसनुसा केला. मी सांगितल्यावर तो काउंटरच्या बाहेर आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. त्याची माफी मागून झाली आहे.

पण सगळंच माझ्या एकट्याच्या पदरात टाकून तुम्हा पाच जणींना उठता येणार नाही. मला सांगायची भीती होती, कबूल. माझ्याशी बोलायची सोय नव्हती, तेही कबूल. माझी मुलगी तर ओरडत नव्हती. ती महिन्यातून एकदा निपाणीला यायची, तुमच्याच कट्ट्यावर बसायची, तुमच्या हातचा चहा प्यायची. तिचा फोन नंबर तुमच्यातल्या दोघींकडं होता. तुम्ही पाच जणी होता. जखम पांढरी होती तेव्हापासून ती फुटेपर्यंत तुम्ही रोज सकाळी बघत होता, आणि रोज सकाळी तिच्यापुढं डबी धरत होता. शपथ तिनं घातली, मान्य. शपथ मोडली असती तर ती तुमच्यावर चार दिवस रुसली असती. रुसायला ती असती.

गेले तीन महिने तुम्ही कट्टा बदलला आहे. पलीकडच्या घरासमोर बसता. मी गेलो की पदर सावरून आत जाता. मी आता ओरडणार नाही, हे मी आक्काला निरोप पाठवून सांगितलं आहे. पाचही जणींनी यायची गरज नाही. एकीनं यावं, माझ्या दारात उभं राहावं आणि एवढंच सांगावं: माझ्या मुलीला का सांगितलं नाही?